तोरणमाळच्या गोठ्याचा ताळेबंद

शेतीचे वर्ष मृग नक्षत्रापासून मोजायची आपली रीत आहे. तोरणमाळच्या डोंगरात मात्र खरिपाचा निम्मा निकाल मे महिन्यातच लागून गेलेला असतो. त्या महिन्यात बैलाच्या अंगावर किती मांस उरले आहे, यावर जूनमध्ये किती जमीन वेळेवर नांगरून होणार ते ठरते. पेरणी वेळेवर झाली की नाही, यावर मका आणि ज्वारी किती येणार ते ठरते. आणि मका-ज्वारी किती आली, यावर पुढच्या उन्हाळ्यात त्याच बैलाच्या पुढ्यात किती कडबा पडणार ते ठरते. हे चक्र नीट समजून घेतले, की इथली शेती फायद्यात का येत नाही आणि तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकली, हे दोन्ही एकदमच उलगडू लागते.

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे पठार. तालुक्याचा कारभार धडगावातून चालतो. खालच्या मोठ्या बाजाराशी गाठ पडते ती म्हसावद-शहाद्याकडे उतरणाऱ्या घाटाने. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजांची. घाटाखाली तापीच्या खोऱ्यात काळी जमीन, विहिरी-बोअरचे पाणी, ऊस, केळी, पपई, कापूस. घाटावर उताराची, दगडगोट्यांची, सगळी भिस्त पावसावर असलेली जमीन. तिच्यात मका, ज्वारी, उडीद, तूर, चवळी आणि कुठेकुठे अजून राळा, भगर, बर्टी. बरीचशी शेते जंगलाच्या आत किंवा कडेला आहेत. शेत आणि रान यांच्यात कुंपणापेक्षा पायवाटाच जास्त.

खानदेशात पशुपालक म्हटले की मेंढरांमागे फिरणारे ठेलारी किंवा गाई-शेळ्या घेऊन आलेले काठेवाडी डोळ्यांसमोर येतात. तोरणमाळचे लोक तसे भटके नाहीत. ते शेतकरीच आहेत, पण त्यांची शेती जनावरांच्या खांद्यावर उभी आहे आणि जनावरे रानाच्या गवतावर. त्यामुळे जगभरच्या पशुपालकांपुढे जे प्रश्न आहेत, म्हणजे कुरणे आक्रसणे, पाणी आटणे, बाजार दूर असणे आणि गवतावरचा हक्क कागदावर नसणे, ते सगळे इथेही आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांसाठी जाहीर केले. ती चर्चा मंगोलिया आणि आफ्रिकेपुरतीच आहे असे कोणी समजू नये. सातपुड्यातला हा गोठाही तिच्यात मोडतो.

आता गोठ्यात जाऊ. बहुतेक जुन्या घरांत तो वेगळा बांधलेला नसतो. बांबूच्या कुडाच्या घरात एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला दावण. वाघ-बिबट्याच्या मुलखात ही सोय शहाणपणाचीच. सातपुड्यात वाघदेवाची पूजा होते, तीही गुरांच्या राखणीसाठीच. मध्यम ऐपतीच्या घरात बैलजोडी, एखादी गाय, तिचे वासरू किंवा कालवड, पाच-दहा शेळ्या आणि पायांत घोटाळणाऱ्या कोंबड्या असतात. यांतल्या प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या वहीत लिहावा लागतो. सगळ्यांना एकच माप लावले की चुकीचे उत्तर येते.

बैलाचे काम नांगर, वखर, पाभर. उताराच्या लहान तुकड्यांत ट्रॅक्टर चढत नाही. चढला तरी वळत नाही. दगडांमधून नांगर उचलून पुढे टाकायचा, तर त्याला छोट्या चणीचा, डोंगरात पाय रोवणारा बैलच लागतो. मोठा धिप्पाड बैल इथे ओझे होतो. हिशेबातली मेख अशी, की जोडीला काम वर्षातून फार तर दोन महिन्यांचे आणि खाणे बाराही महिन्यांचे. मग पेरणीपुरती जोडी भाड्याने का घेऊ नये? कारण पहिला चांगला पाऊस सगळ्या पाड्यांवर एकाच दिवशी पडतो आणि वाफसा सगळ्यांच्या शेतात एकदमच येतो. ज्याच्याकडे जोडी असते तो आधी स्वतःचे शेत काढतो. मागणाऱ्याचा नंबर आठवड्या-दहा दिवसांनी लागतो. उथळ, मुरमाड जमिनीत पेरणी दहा दिवस मागे पडली, की सप्टेंबरात पाऊस लवकर थांबला तर कणीस भरतच नाही. बैलजोडी बाळगण्याचा खर्च हा खरे तर वेळेवर पेरण्याचा विमा आहे. त्याचा हप्ता चाऱ्यात भरला जातो.

भिल्ल-पावरा समाजांत ‘लाह’ नावाची जुनी रीत आहे. अडलेल्याच्या शेतावर पाड्यावरचे लोक जमून काम उरकून देतात. ज्याचे काम असेल त्याने त्या दिवशीचे जेवण करायचे आणि पुढे दुसऱ्याच्या हाकेला जायचे. जोडी नसलेल्यांची पेरणी कित्येकदा यावरच निघते. कुठल्याही उत्पन्नाच्या सर्वेक्षणात या श्रमाला रकाना नसतो, पण ही लाह नसती तर अनेक शेते पडीक राहिली असती.

गाय इथे आधी बैल देणारी आणि मग दूध देणारी. देशी डोंगरी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर देते, त्यात वासराचा वाटा पहिला. संकलनाची गाडी वळणावळणाच्या घाटातून रोज चढावी इतके दूध एका पाड्यावर जमत नाही. म्हणून दुधाच्या लिटरवर हिशेब मांडणारा अधिकारी हा गोठा तोट्याचा ठरवतो. पण बैलजोडी बाजारातून आणायची तर कुटुंबाला वर्षाची मजुरी त्यात घालावी लागते. तीच घरच्या गाईच्या पोटी जन्मली आणि रानात वाढली, तर हातातून रोख रक्कम जात नाही. जो खर्च झालाच नाही तो कोणत्याही वहीत दिसत नाही, आणि माझ्या मते डोंगरातल्या शेतीविषयीचे अनेक चुकीचे निर्णय इथूनच सुरू होतात.

शेळी हे रोकडीचे जनावर. मुलाची फी, दवाखाना, लग्न, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, इंदलच्या पूजेतला मान: पैसा किंवा बोकड लागला की शेळीकडेच पाहायचे. गाभणकाळ पाच महिन्यांचा असल्याने वर्ष-सव्वा वर्षात दोन वेते मिळू शकतात. गाय ज्या झुडपाला तोंड लावत नाही त्याचा पाला शेळी खाते. राज्यातही कल त्याच दिशेने आहे. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये महाराष्ट्रातली गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली, आणि शेळ्या मात्र ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. चारा आणि जमीन कमी पडू लागली की माणूस मोठ्या जनावराकडून लहान जनावराकडे वळतो, हेच ते आकडे सांगतात.

शेणाचा हिशेब मी मुद्दाम सावकाश मांडतो, कारण त्याविषयी बोलताना आपण सहसा भावनेवर जातो. समजा बैल अडीचशे किलोचे दोन, गाय दोनशे किलोची आणि कालवड शंभराची. एकूण वजन ८०० किलो. दिवसाला ३५ किलोच्या आसपास ओले शेण पडते. पण जनावरे दिवसभर रानात असतात, म्हणजे त्यातले निम्मे रानातच राहते. गोठ्यात रोज १७ किलो धरले तर वर्षाला सहा टन ओले, आणि कुजून उरलेले खत अडीच ते तीन टन. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे वर्षभराच्या शेणातून शेताला १२ ते १५ किलो नत्र मिळाले. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात २० किलोंहून अधिक नत्र असते आणि ते पोते २६६ रुपयांच्या आसपास मिळते.

हा आकडा पाहून कोणालाही वाटेल, की मग गुरे कशाला पाळायची? पण उतारावर पसरलेला युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला लागतो. शेणखत मात्र मातीच्या कणांना धरून ठेवते, पाणी मुरवते, स्फुरद-पालाश आणि सूक्ष्मद्रव्ये देते. ज्या शेतात मातीचा थर वीतभरच उरला आहे तिथे हा फरक दोन पावसांमधल्या उघडिपीत दिसतो. खत पडलेल्या पट्ट्यातली मका तग धरते, बाकीची कोमेजते. तरी हिशेबाचा पहिला भाग खोटा ठरत नाही. एवढ्या खतात एकरा-दोन एकरांचे उत्पादन जेमतेम राखता येते, वाढवता येत नाही. खत वाढवायचे तर गोठ्यात जास्त शेण पडायला हवे, त्यासाठी जनावर गोठ्यात जास्त वेळ हवे, आणि त्यासाठी गोठ्यात चारा हवा. सगळ्या वाटा चाऱ्यापाशी येऊन थांबतात.

तर मग चारा. तेच ८०० किलो वजन घ्या. देशी जनावराला रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के सुका चारा लागतो, म्हणजे चौघांना मिळून दिवसाला २० किलो. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत रान हे सहज पुरवते. त्यानंतर काढणी झालेल्या शेतांतली धाटे आणि बांधावरचे गवत. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेर नवे गवत चरण्याजोगे होईपर्यंत साडेचार महिने, म्हणजे १३५ दिवस ओढाताणीचे. २० किलोंप्रमाणे २,७०० किलो झाले. त्यातले निम्मे वाळके गवत आणि झाडपाला रानातून मिळाला असे धरले, तरी घरच्या साठ्यातून साडेतेरा क्विंटल हवेत. कोरडवाहू ज्वारीचा कडबा एकरी टनभर निघाला तर तो चांगला. दोन एकरांतून दोन टन आले. पण पेंढी सोडून अख्खी धाटे जनावरापुढे टाकली, की पाने आणि शेंडे खाऊन जाड बुडखे पायांखाली तुडवले जातात. त्यात पंचवीस ते तीस टक्के वाया. उरतात चौदा-पंधरा क्विंटल. म्हणजे चांगल्या वर्षी तोंडमिळवणी. वाईट वर्षी एप्रिलअखेर घराबाहेरच्या माळ्यावरचा शेवटचा भारा उतरतो आणि पाऊस पडायला अजून दीड-दोन महिने असतात.

आणि ही भूक नुसती किलोंमध्ये मोजून चालत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचवण्याचे काम जिवाणू करतात, आणि त्या जिवाणूंना जगायला चाऱ्यात किमान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. ऑगस्टातल्या कोवळ्या गवतात ती आठ-दहा टक्के असतात. एप्रिलातल्या पिवळ्या काडीत तीन-चार. त्या पातळीखाली गेले की जिवाणू मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरलेले वाटते आणि जनावर खाणेच कमी करते. मे महिन्यात पोट फुगलेली पण कमरेची हाडे वर आलेली गाय दिसते, ती याच कारणाने. तिच्यापुढे तीच वाळकी काडी आणखी टाकून उपयोग होत नाही. शिवाय मोठ्या जनावराला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी हवे, आणि पाड्याजवळचा झरा आटल्यावर ते खालच्या नाल्यात उतरून पिऊन पुन्हा चढून यावे लागते. जे थोडे अंगी लागले ते चढणीत जाते.

रानाचे गवतही पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि ते कसे बदलते याच्याही ठरलेल्या पायऱ्या आहेत. पवन्या, मारवेल ही बहुवार्षिक, गोड, जनावरांच्या आवडीची गवते. पहिल्या पावसात त्यांना कोंब फुटतात तेव्हा भुकेलेली गुरे नेमकी त्यांच्यावरच तुटून पडतात. मुळांत साठवलेला जोर कोंब काढण्यात संपलेला, त्यात तो कोंबही खुडला गेलेला. असे दोन-चार हंगाम झाले की ठोंब मरतो, आणि बी धरायला उसंतच मिळाली नसल्याने नवा येत नाही. रिकाम्या जागी कुसळी येते. कुसळी कोवळी असताना गुरे खातात. ऑक्टोबरात तिच्या बियांना टोकदार कुसे येतात, ती जनावराच्या जिभेत, हिरड्यांत, शेळीच्या कातड्यात घुसतात. त्यामुळे ती उभीच वाळते आणि उन्हाळ्यात वणव्याला आयतेच जळण मिळते. कुसळीही संपली की तरोटा आणि घाणेरी. लांबून डोंगर हिरवागार दिसतो, पण त्यात जनावराच्या तोंडी लावण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.

यात गुरांची संख्या हे एक कारण आहे, हे मान्य करायलाच हवे. पण कुरण आक्रसणे हेही तितकेच मोठे कारण आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे आली. नदीकाठचा गाळपेरा, काठचे गवत, पाणवठे त्यात गेले. खालच्या पुनर्वसन वसाहतींत गेलेल्या कुटुंबांना जमीन मिळाली, पण चराईचे रान मागे राहिले आणि अनेकांना गुरे कमी करावी लागली. पूर्वी ती रानाच्या जिवावर पोसली जात होती. जमिनीच्या बदल्यात जमीन देता येते, गवताच्या बदल्यात काय द्यायचे हे त्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन चार हेक्टरांच्या मर्यादेत कुटुंबाच्या नावे होऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमणदार म्हणवल्या गेलेल्यांसाठी हा न्यायच होता. पण गवताच्या बाजूने पाहिले तर रानातला नांगरटीखाली आलेला प्रत्येक तुकडा चराईतून वजा होतो. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे, आणि सामूहिक वनस्रोताचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचाही हक्क आहे. वैयक्तिक पट्ट्यासाठी माणूस स्वतः हेलपाटे घालतो. गवताचा हक्क सगळ्यांचा म्हणून त्यासाठी तेवढ्या नेटाने कोणी जात नाही. तोरणमाळसारख्या ठिकाणी या दुसऱ्या हक्काला पहिल्याइतकेच महत्त्व दिले पाहिजे असे मला ठामपणे वाटते, कारण पट्ट्यावर येणारे पीकही शेवटी त्या सामायिक गवतावर जगणाऱ्या बैलाच्याच बळावर पेरायचे आहे.

एवढे सगळे करून जे विकायला उरते त्याची किंमत घाट उतरताना घटते. बोकडाचा व्यवहार पाड्यावर बहुधा नजरेच्या अंदाजाने होतो. व्यापारी बोकड कमरेपाशी दाबून पाहतो, उचलतो आणि आकडा बोलतो. रोज शेकडो जनावरे उचलणाऱ्याचा अंदाज आणि वर्षातून चार बोकड विकणाऱ्याचा अंदाज यांची बरोबरी कशी होणार? वीस किलोच्या बोकडात तीन किलोंची चूक झाली तर पंधरा टक्के किंमत गेली. वर्षभर पाला तोडून, राखण करून जो नफा राहतो तो साधारण एवढाच असतो. वैरणीचे उलटे. खाली शहाद्याकडे उसाचे वाढे मिळते, कुठे कडबाही मिळतो. पण चारा हलका आणि फुगीर, पिकअप भरते आणि वजन काही क्विंटलच होते. घाट चढून आलेल्या चाऱ्यात चाऱ्यापेक्षा डिझेलची किंमत जास्त पडते. म्हणून खालून चारा आणून वरचा गोठा चालवण्याची योजना टिकत नाही.

म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न २०१५ नंतर बदलला. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच. ४ मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायद्यामागच्या श्रद्धेचा आदर ठेवूनही हिशेब सांगायला हवा. पूर्वी थकलेली जोडी विकून नव्या जोडीच्या किमतीचा काही भाग निघत असे. आता ती मिळकत जवळपास थांबली, आणि न विकलेला बैल उन्हाळ्यात त्याच तोकड्या वैरणीत वाटेकरी होतो. हा भार समाजाने एका निर्णयाने शेतकऱ्यावर टाकला आहे, तर त्या बैलाच्या चाऱ्याची जबाबदारीही काही अंशी समाजाने उचलायला हवी.

रोगांचे धक्के वेगळे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक याच जिल्ह्यातल्या नवापूरला जाहीर झाला. मूळ फटका मोठ्या पोल्ट्रींना बसला, पण बाधित क्षेत्रातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. २०२२ च्या पावसाळ्यात लंपी त्वचारोग जळगाव जिल्ह्यातून राज्यभर पसरला आणि गुरांचे बाजार बंद झाले. ज्याचे जनावर ठणठणीत होते त्यालाही ते विकता येईना. शेळ्यांमध्ये पीपीआर आणि आंत्रविषार हे नेहमीचे. पीपीआरची एक लस सुमारे तीन वर्षे संरक्षण देते, इतकी ती गुणकारी आहे. अडचण पोचवण्यात येते. लस थंडच राहिली पाहिजे आणि एका बाटलीत अनेक मात्रा असतात. बाटली फोडली की ती दोन-एक तासांत संपवावी लागते. पाडे एकमेकांपासून टेकडीभर दूर. एका सकाळी शंभर शेळ्या एका जागी आल्या नाहीत तर अर्धी लस फुकट जाते. तेव्हा दिवस आधी ठरवून, पाड्यापाड्यांवर निरोप देऊन शेळ्या जमवणारे गावातलेच माणूस हवे. उमेद अभियानातून तयार झालेल्या पशुसख्या हेच काम करतात, आणि डोंगरात त्यांचा उपयोग दवाखान्याच्या इमारतीपेक्षाही आधी जाणवतो.

बाहेरून येणारा पहिला सल्ला सहसा जात सुधारण्याचा असतो: संकरित गाय घ्या, मोठी शेळी घ्या. वर मांडलेला चाऱ्याचा हिशेब पाहिला की हा सल्ला का फसतो ते कळते. चारशे किलोच्या संकरित गाईला रोज सुक्या वजनाचे दहा-बारा किलो खाणे लागते, आणि त्यात हिरवा चारा आणि खुराकही हवा. ती चढणीवर चरत नाही, गोचीड-तापाला लवकर बळी पडते, आणि तिचे दूध विकायला गाडी येत नाही. जिथे अडीचशे किलोच्या बैलाला मे महिन्यात पुरत नाही तिथे ती काय खाणार? इथे आधी गवत वाढले पाहिजे, जातीचा विचार त्यानंतर.

गवत वाढवण्याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत बसवली आणि चारा अनेक पटींनी वाढवला. पण तिथे दुधाला जवळ बाजार होता, गोठ्यात जनावर बांधून पोसणे परवडत होते. तोरणमाळला सरसकट चराईबंदी केली तर ती पहिल्या वर्षीच मोडेल. अधिक जवळचे उदाहरण धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या आदिवासी गावाने स्वतः नियम आणि दंड ठरवून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नियम गावाचा असला आणि राखणदारही गावाचाच असला, की तो पाळला जातो.

तोरणमाळच्या बाबतीत मला सुचते ते असे. रानाचे तीन-चार भाग पाडून दर वर्षी एकच भाग बंद ठेवावा, तोही सगळे वर्ष नव्हे. पहिल्या पावसापासून गवताचे बी धरून सांडेपर्यंत. तेवढ्या अवधीत पवन्या-मारवेलचे ठोंब सावरतात आणि बी सांडते. पुढच्या वर्षी दुसरा भाग. बाकीच्या भागांत गुरे चरतच राहतात, त्यामुळे कोणाला लगेच गुरे विकावी लागत नाहीत. आंब्याच्या वाड्यांचाही इथे उपयोग आहे. बायफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात सुरू केलेली ही वाडी पद्धत पुढे आदिवासी पट्ट्यात सर्वदूर पसरली. लोक तिच्याकडे फळांसाठी पाहतात. मला तिच्या कुंपणात जास्त रस आहे, कारण झाडे मोठी होईपर्यंत कुंपणाच्या आत न चरलेले गवत उभे राहते आणि ते विळ्याने कापता येते. धडगाव परिसरात आमचूरचा धंदा आहेच, त्यामुळे आंबा वाया जात नाही.

बियाण्याचा संबंधही चाऱ्याशीच आहे. संकरित वाणाची निवड दाण्यावर होते, बुटके धाट हा त्यात गुण मानला जातो. सोयाबीन आणि कापसाला रोख पैसा मिळतो, पण सोयाबीनचे भुसकट थोडे आणि पऱ्हाट्या चुलीत. उंच वाढणारी देशी ज्वारी दाणा कमी देईल, मात्र तिचा कडबा बैल जगवतो. धडगाव परिसरात बायफच्या मदतीने शेतकऱ्यांनी मका आणि ज्वारीचे स्थानिक वाण जपून बियाणे बँका उभ्या केल्या. डोंगरातल्या पिकाचे उत्पादन मोजताना दाण्याबरोबर धाटाचेही वजन करावे, एवढी साधी दुरुस्ती कृषी प्रात्यक्षिकांत झाली तर कोणते वाण लावावे याची उत्तरे बदलतील.

आहे तो कडबा अधिक पोषक करण्याचीही रीत आहे. शंभर किलो सुक्या चाऱ्याला चार किलो युरिया, पन्नास-एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडायचा. दाबून, प्लॅस्टिकने घट्ट झाकून २१ दिवस ठेवायचा. युरियातून निघालेला अमोनिया काडी मऊ करतो आणि प्रथिनांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास नेतो, म्हणजे पोटातल्या जिवाणूंच्या किमान गरजेइतके. युरियाचा खर्च शंभर किलोंना पंचवीस रुपयांच्या आत. काळजी मात्र काटेकोर हवी: माप चुकवायचे नाही, उघडल्यावर वास उडू देऊन मगच घालायचा, सहा महिन्यांखालच्या वासरांना द्यायचा नाही, आणि नुसते युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू द्यायचे नाही, त्याने ते मरते. डोंगरात हे काम जानेवारीतच उरकावे लागते. उन्हाळ्यात चाऱ्यावर शिंपडायला पाणी कोण आणणार? शेळ्यांसाठीही एक सोपा उपाय आहे: बांबूचा मचाण, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, लेंड्या खाली पडतील अशा फटींचा. पावसाळ्यात करडे ओल्यात बसून दगावतात. पाच शेळ्यांच्या घरात वर्षाला दोन करडे वाचली तरी त्या घराचा शेळीपालनातला नफा उभा राहतो. आणि पाड्यावर एक ताणकाटा टांगलेला असावा. बाजारात जायच्या आधी वजन माहीत असले की बोलणे बदलते.

या सगळ्यात अवघड आहे ती माणसांची वेळ. गवत कापून वाळवायचे तर ते फुलोऱ्यावर असताना, कुसळीला कुसे धरायच्या आत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा त्यात सत्त्वही असते आणि ऊनही पडू लागलेले असते. पण नेमके तेव्हाच उडीद निघत असतो, मका सोलायला आलेली असते, आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत निघतात, मागे म्हातारी माणसे आणि गुरे राहतात. म्हाताऱ्यांना साडेतेरा क्विंटल गवत कापून माळ्यावर चढवता येत नाही. रोजगार हमीत लोक दगडी बांध घालतात, खड्डे खणतात. सामूहिक वनहक्काच्या रानातली गवतकापणी आणि गंजी रचणे हे त्या पंधरा दिवसांत मजुरीचे काम धरले, तर घराला रोख पैसा मिळेल आणि मे महिन्याचा चारा ऑक्टोबरातच जमा होईल. सरकारी मंजुरी येईपर्यंत पाड्याने स्वतः सुरुवात करायची तर त्यासाठी लाह आहेच. आजवर ती पेरणीला, निंदणीला, घर शाकारायला बोलावतात. तीच गवतासाठी बोलवावी, आज एकाच्या माळ्यासाठी, उद्या शेजारच्याच्या, आणि ज्या घरात फक्त म्हातारी माणसे उरणार आहेत त्या घराची पाळी सगळ्यात आधी लावावी.